प्राचीन रोममधली रहस्यकथा कशी लिहावी: मृतदेहापासून निकालापर्यंत

रोमवरच्या फसलेल्या रहस्यकथांमध्ये बहुतेक वेळा दोष एकच असतो: टोगा गुंडाळलेला पोलीस इन्स्पेक्टर. तो घटनास्थळी येतो, सगळ्यांना रांगेत उभे करून जबाब घेतो, वैद्याला मृत्यूची वेळ विचारतो आणि शेवटी गुन्हेगाराला बेड्या ठोकतो. रोममध्ये यातले काहीच होत नव्हते. खुनाचा तपास करणारे खाते नव्हते आणि सरकारी वकीलही नव्हता. ज्या गुलामांनी सगळे पाहिलेले असे, त्यांची साक्ष छळ केल्याशिवाय न्यायालय ग्राह्य धरत नसे. त्यामुळे खून कोणी केला हे कळले तरी कथेचा पेच अर्धाच सुटतो. कळलेले सत्य कुणाच्या तोंडून, कुणापुढे आणि कुणाच्या जिवावर वदवून घ्यायचे, हा उरलेला अर्धा. खालच्या पायऱ्या या दुसऱ्या अर्ध्यावर जास्त रेंगाळतात.

१. आधी वर्ष, मग खून

‘प्राचीन रोम’ हा काळ नव्हे, ती हजार वर्षांहून लांबची पट्टी आहे. त्यातले एक वर्ष निवडा आणि मग महिना. पहिल्याच प्रयत्नासाठी नीरोचा काळ (इ.स. ५४ ते ६८) सोयीचा, कारण टॅसिटस आणि सुएटोनियस या रोमन इतिहासकारांमुळे दरबार कळतो, तर इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीने गाडलेल्या पॉम्पेई शहराच्या भिंतींवरच्या मजकुरामुळे गल्ली कळते. राजकीय दहशत हवी असेल तर हुकूमशहा सुल्लाने ठार मारायच्या विरोधकांच्या ज्या याद्या लावल्या त्यांनंतरचे इ.स.पू. ८० घ्या. गोंधळ हवा असेल तर एका वर्षात चार सम्राट पाहिलेले इ.स. ६९ घ्या. इ.स. ६४ मधली १८ जुलैच्या रात्रीची आग मोहात पाडते, पण जपून. आग लागली की सगळे पुरावे जळतात आणि लेखकाला पळवाट मिळते, आणि वाचक ती ओळखतो.

वर्ष ठरले की शहरात काय उभे आहे याची यादी करा. नीरोच्या काळात कोलोसियम नाही, ते इ.स. ८० मध्ये खुले झाले. आजचे घुमटाचे पँथिऑन हे देऊळ दुसऱ्या शतकातल्या सम्राट हेड्रियनच्या काळातले. ट्राजनचा स्तंभ इ.स. ११३ चा. रोमवरच्या कथांमध्ये सर्वाधिक चुका इमारतींच्या होतात, आणि त्या पकडायला वाचकाला दोन मिनिटेही लागत नाहीत.

महिना निवडताना कॅलेंडर तपासा. इ.स.पू. ४५ च्या सुधारणेआधी वर्ष ३५५ दिवसांचे होते आणि मध्येच अधिक महिना घालत. ‘जुलै’ हे नाव इ.स.पू. ४४ पासूनचे, ‘ऑगस्ट’ इ.स.पू. ८ पासूनचे. सात दिवसांच्या आठवड्याऐवजी दर आठव्या दिवशी बाजार भरे. रोमन तारखा उलट्या मोजत, अमुक टप्प्याच्या इतके दिवस आधी अशा. वाचकाला ती कसरत करायला लावू नका, ‘पुढच्या बाजाराच्या आदल्या दिवशी’ एवढे पुरते. १७ डिसेंबरला सुरू होणारा सॅटर्नेलिया हा सण मात्र सोडू नका. त्या दिवसांत गुलामांना बोलण्याची मोकळीक असे, आणि एरवी गिळलेले वाक्य एखादा गुलाम तेव्हाच बोलून जाऊ शकतो.

२. गुन्ह्याचा तक्ता

लिहायला बसण्याआधी खून जसा घडला तसा सरळ क्रमाने मांडा. चार रकाने करा: वेळ, ठिकाण, काय घडले, आणि ते कुणाला केव्हा कळले. चौथा रकाना भरायचा लेखक हमखास टाळतात, आणि रोममध्ये सगळी मजा तिथेच आहे. दूरध्वनी नसलेल्या जगात बातमीला पाय असतात. कुणाला एखादी गोष्ट कळायला हवी त्याआधीच कळली असेल, तर तोच पुरावा.

याचा अस्सल नमुना इ.स.पू. ८० च्या खटल्यात आहे. अमेरिया या गावचा सधन जमीनदार सेक्स्टस रोसियस रोममध्ये रात्री जेवण करून परतत होता. पॅलासिना स्नानगृहांजवळ त्याचा खून झाला. बापाला मारल्याचा आरोप त्याच्याच मुलावर आला. मुलाचा बचाव केला सिसेरो या २६ वर्षांच्या वकिलाने. त्याने जे मुद्दे लावले ते रहस्यकथाकाराने तक्त्यात उतरवून पाहावेत. खून रात्रीच्या पहिल्या तासानंतर झाला. पहाटे बातमी अमेरियात पोचली होती. अंतर ५६ रोमन मैल, म्हणजे सुमारे ८३ किलोमीटर. मल्लियस ग्लाउसिया नावाचा माणूस हलक्या गाड्या हाकत हे अंतर रात्रीच्या दहा तासांत कापून आला. आणि तो गेला कुणाकडे? मृताच्या मुलाकडे नव्हे, मृताचाच वैरी असलेल्या कॅपिटो या नातलगाकडे.

आता दुसरा धागा. सुल्लाच्या काळ्या यादीची मुदत इ.स.पू. ८१ च्या १ जूनला संपली होती. खून त्यानंतर काही महिन्यांनी झाला. तरी मृताचे नाव यादीत असल्याचे दाखवून त्याची मालमत्ता लिलावात निघाली. साठ लाख सेस्टर्स (रोमन नाणे) किमतीची तेरा शेते सुल्लाचा मुक्त गुलाम क्रिसोगोनस याने दोन हजारांत घेतली. त्यातली तीन कॅपिटोकडे गेली. खुनाच्या वेळी सोबत असलेले दोन गुलाम मुलाने चौकशीसाठी मागितले, ते दिले गेले नाहीत, कारण तेही आता विरोधकांच्या ताब्यात होते. मुलगा सुटला.

रक्ताचा डाग नाही, तुटलेले बटण नाही. वेळ, अंतर, लिलावाची किंमत आणि लपवलेले साक्षीदार, एवढ्यावर अख्खा खटला उभा आहे. तुमच्या कथेतले निदान दोन सुगावे या जातीचे असू द्या. मात्र हा सगळा वृत्तांत बचावाच्या वकिलाचा आहे हेही ध्यानात ठेवा. मुलगा खरोखर निर्दोष होता का, या प्रश्नातच आणखी एक कादंबरी आहे.

आठ-दहा हजार शब्दांच्या कथेला चार संशयित आणि पाच-सहा सुगावे पुरतात. साठ-सत्तर हजारांच्या कादंबरीत सात संशयितांपुढे जाऊ नका, रोमन नावे वाचकाच्या डोक्यात त्याहून जास्त राहत नाहीत.

३. तपास कोण करणार?

नायक निवडताना विचारायचा प्रश्न हुशारीचा नाही, दारांचा आहे: हा माणूस कुठल्या दारातून आत जाऊ शकतो आणि कुठल्या दारावर अडवला जातो?

सम्राटांच्या आधीच्या प्रजासत्ताकाच्या काळात तुरुंग, देहदंड आणि रात्रीचा बंदोबस्त तीन कनिष्ठ अधिकाऱ्यांकडे असे. खुनाची फिर्याद मात्र एखाद्या नागरिकाने स्वतः दाखल करायची आणि स्वतःच पुरावे जमवायचे. ती खोटी व हेतुपुरस्सर ठरली तर त्याच्यावरच खटला. म्हणून त्या काळात नायकासाठी सर्वांत सहज धंदा म्हणजे वकिलाचा सहायक. पुरावे शोधणे हे त्याचे कामच आहे, वेगळे निमित्त लागत नाही.

साम्राज्याच्या काळात विगिलेस मिळतात. पहिला सम्राट ऑगस्टस याने इ.स. ६ मध्ये उभे केलेले हे रात्रीच्या पहाऱ्याचे आणि आगीचे दल. तुकड्या सात, शहराचे विभाग चौदा, म्हणजे एका तुकडीकडे दोन विभाग. त्यांच्या प्रमुखाकडे आग लावणारे, घरफोडे, चोर आणि चोरीचा माल घेणारे यांची प्रकरणे येत. मोठा गुन्हा किंवा मोठा माणूस असला की प्रकरण नगरप्रमुखाकडे जाई. आगीची तपासणी हे निमित्त त्यांना भाड्याच्या इमारतींची दारे उघडून देते, सिनेटरच्या वाड्याचे नाही. भरती मुख्यतः मुक्त गुलामांची. इ.स. २४ च्या कायद्याने, अपूर्ण नागरिकत्व असलेल्या मुक्त गुलामाने दलात सहा वर्षे काढली तर त्याला पूर्ण नागरिकत्व मिळे. नायकाचे पाचवे वर्ष चालू ठेवा. वरिष्ठ म्हणतो, हे प्रकरण सोड. आता त्याच्या प्रत्येक प्रश्नाला किंमत आली.

ग्रीक वैद्य हा तिसरा पर्याय. तो अंतःपुरात जातो आणि मृतदेह पाहतो, पण बहुधा स्वतः गुलाम किंवा मुक्त गुलाम असतो. स्त्री नायिका असेल तर तिला न्यायालयात साक्ष देता येते. जवळच्या नातलगाच्या खुनासारखे अपवाद सोडले तर फिर्यादी मात्र होता येत नाही. मग तिने जमवलेला पुरावा मांडणारा पुरुष कोण आणि तो विश्वासाचा आहे का, हे उपकथानक आपोआप तयार होते.

४. गुलाम, मृत्युपत्र आणि मृत्यूचे कारण

ही पायरी सावकाश वाचा. रोमन रहस्यकथेला लागणारे सर्वांत धारदार यंत्र इथे आहे आणि लेखक ते क्वचितच वापरतात.

इ.स. १० मध्ये सिनेटने ठराव केला: मालकाचा घरात खून झाला तर त्याच छताखालच्या गुलामांची छळ करून चौकशी करायची, आणि मालकाला वाचवायला जे धावले नाहीत त्यांना देहदंड द्यायचा. इ.स. ६१ मध्ये नगरप्रमुख पेडानियस सेकंडस याला त्याच्या एका गुलामाने मारले. घरात ४०० गुलाम होते. रोमच्या सामान्य लोकांनी रस्त्यावर येऊन विरोध केला, सिनेटमध्ये वाद झाला, तरी सगळ्यांना मारले. नीरोने दुतर्फा सैनिक उभे करून त्यांना वधस्थानी नेले.

त्याला जोडून आणखी एक नियम होता: ही चौकशी पूर्ण होईपर्यंत मृताचे मृत्युपत्र उघडायचे नाही. कारण साधे आहे. गुलाम म्हणजे संपत्ती. ४०० गुलाम मेले तर वारसाचे नुकसान. म्हणजे वारसाला, तो पूर्ण निर्दोष असला तरी, खून हा आजार किंवा आत्महत्या म्हणून दडपण्यात आर्थिक फायदा होता. खरा खुनी नसलेला माणूस पुरावे का नष्ट करतो आहे, या नेहमीच्या कोड्याला इथे अस्सल रोमन उत्तर तयार मिळते.

आता मृत्यूच्या कारणाकडे या. ठरावाचा आधार ‘मदतीला धावला नाहीत’ हा होता. त्यावरून विधिज्ञांनी भेद केले, आणि तिसऱ्या शतकातल्या उल्पियनने ते नोंदवले आहेत. सुरा किंवा गळफास असेल तर ठराव लागू. विष असेल तर नाही, कारण गुपचूप घातलेल्या विषापासून गुलाम वाचवणार कसे? विष देणाऱ्याला अर्थातच शिक्षा. मालकाने स्वतःच जीव दिला असेल तरीही ठराव लागत नाही, मात्र गुलामांना त्याला अडवणे शक्य होते आणि त्यांनी अडवले नाही तर शिक्षा आहे.

याचा कथेतला उपयोग असा. सकाळी मालक मृत सापडतो. मानेवर जखम आहे, पण रक्त फारच कमी. जखम मृत्यूनंतरची असेल तर मरण विषाने आले, घरातले चाळीस जीव वाचतात. आधीची असेल तर सगळे जातात. वैद्याला उद्या दुपारपर्यंत मत द्यायचे आहे. वारसाला विष हवे आहे, कारण गुलाम वाचतील. दुसरा कुणीतरी मेलेल्या माणसावर सुरा चालवून गेला आहे, कारण त्याला एका विशिष्ट गुलामाचे तोंड कायमचे बंद करायचे आहे. बॉम्ब नाही, पाठलाग नाही, तरी घड्याळ टिकटिकते आहे. कथा पहिल्या शतकात असेल तर विषाचा हा भेद अजून वादातला ठेवा, पक्का नियम म्हणून नव्हे. तेवढ्याने न्यायाधिकाऱ्यासमोरचा प्रसंगही जिवंत होतो.

छळाचे वर्णन करताना एक भान ठेवा. गुलामाला स्वतःच्या मालकाविरुद्ध साक्ष देता येत नसे, राजद्रोहासारखे अपवाद वगळता. मालकाच्या खुनाची चौकशी ही त्याच्या बाजूने असल्याने ती वेगळी. छळातून निघालेली साक्ष भरवशाची नसते हे रोमन विधिज्ञांनाही ठाऊक होते. नायकाने तसे म्हणायला हरकत नाही, पण त्याला आजचा मानवाधिकार कार्यकर्ता करू नका. ‘असा जबाब कोर्टात टिकणार नाही’ हे त्याच्या तोंडी शोभते.

५. हाताला लागणारे पुरावे

मृतदेह: सीझरच्या मृतदेहावर २३ जखमा होत्या आणि त्यातली छातीवरची एकच प्राणघातक होती, असे मत अँटिस्टियस या वैद्याने दिल्याचे सुएटोनियस सांगतो. म्हणजे जखमा मोजून त्यांचा क्रम आणि खोली यांवर मत देणे काळाला धरून आहे. शरीर उघडून तपासणे नाही. ताठरपणावरून ‘रात्री अकरा ते एक’ असे सांगणेही नाही. ‘जेवणानंतर, पहाटेच्या बराच आधी’ एवढी ढोबळ वेळ ठेवा. पहिल्या शतकात रोममध्ये दहनाची चाल होती आणि अंत्यविधी शहराच्या हद्दीबाहेर. सधन घरात देह काही दिवस दर्शनी दालनात ठेवत, गरिबाचा तातडीने नेत. चिता पेटली की पुरावा संपला, तेव्हा पाहणीचा प्रसंग त्याआधी घ्या.

विष: बचनाग, खुरासानी ओव्याच्या जातीचे हेनबेन, हेमलॉक, विषारी अळंबी आणि अफू ही रोमनांच्या माहितीतली. पिवळी हरताळ आणि तांबडी मनशीळ रंगासाठी मिळे. पांढरा, बेचव सोमल पुढच्या काळातला, तो वापरू नका. परिणामांत घाई टाळा. बचनागाने आधी ओठ-जीभ झिणझिणते व बधिर होते, मग उलट्या, मग हृदयाची लय बिघडते. घोट घेताक्षणी कोसळणे ही नाटकातली सोय. विष देण्याच्या युक्तीसाठी इ.स. ५५ मधला नीरोचा सावत्र भाऊ ब्रिटानिकस याचा मृत्यू अभ्यासा. टॅसिटसच्या सांगण्यानुसार चव घेणाऱ्याने पेय तपासले, ते निर्धोकच होते, फक्त फार गरम होते. ब्रिटानिकसने ते परत केले तेव्हा त्यात थंड पाणी ओतले. विष त्या पाण्यात होते, आणि पाणी कुणी चाखले नव्हते. पहारा कुठे असतो आणि कुठे नसतो, एवढ्या एका फटीवर अख्खी युक्ती आहे. स्वतःची युक्ती रचताना अशी फट शोधा. दुर्मीळ विष शोधण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त.

कागदपत्रे: कागद नाही. रोजचा व्यवहार मेणाच्या पाट्यांवर, लांब मजकूर पपायरसवर. महत्त्वाच्या दस्ताला दोरा बांधून त्यावर साक्षीदारांच्या मुद्रा, मृत्युपत्रावर सात. मोठ्या माणसांची मृत्युपत्रे व्हेस्टा देवीच्या कुमारिकांकडे ठेवायला देत. बनावट वाढली म्हणून नीरोच्या काळात नियम आला: पाट्यांना भोके पाडून दोरा तीनदा ओवायचा, आणि दुसऱ्याचे मृत्युपत्र लिहिणाऱ्याने त्यात स्वतःसाठी देणगी लिहायची नाही. तुमची कथा या नियमाच्या अलीकडे आहे की पलीकडे, यावर बनावट कशी होईल ते ठरेल. मुद्रा न मोडता पत्र उघडण्याच्या रीती दुसऱ्या शतकातल्या लुसियन या लेखकाने लिहून ठेवल्या आहेत. एक, तापलेली सुई मुद्रेखालच्या मेणातून फिरवून ती अलगद सोडवणे आणि वाचून झाल्यावर पुन्हा चिकटवणे. दुसरी, डांबर, राळ, मेण यांच्या मऊ गोळ्यावर मुद्रेचा ठसा घेऊन नवी मुद्रा करणे. सुईने मेणाची कड वितळून किंचित गुळगुळीत होते. सुगावा म्हणून एवढे पुरे, आणि तो वाचकासमोर उघड ठेवता येतो.

६. तास, अंधार आणि गाड्या

रोमन दिवस सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत बारा तासांचा, ऋतू कुठलाही असो. म्हणून जूनमधला दिवसाचा तास सुमारे ७५ मिनिटांचा आणि डिसेंबरमधला सुमारे ४५ मिनिटांचा. रात्रीचे उलट, आणि रात्रीचे चार प्रहर. ‘सहाव्या तासाला’ म्हणजे माध्यान्ह, सकाळचे सहा नव्हे. तक्त्यात आजची वेळ आणि रोमन वेळ शेजारी लिहा, कथेत फक्त रोमन. सेकंद, मिनिटे काढून टाका. ‘दिव्यातले तेल संपेपर्यंत’, ‘फोरमला वळसा घालून येईपर्यंत’ असे माप वापरा.

दिवसाचा साचा मार्शियल या कवीने सांगितला आहे. पहिले दोन तास आश्रितांनी आश्रयदात्याला मुजरा करायला जायचे, तिसऱ्यापासून वकिलांची ओरड, पाचव्यापर्यंत धंदे, सहाव्याला विश्रांती, सातव्याला काम बंद, आठव्याला व्यायाम, नवव्याला जेवण. ‘त्या वेळी मी तिथे नव्हतो’ असे म्हणणाऱ्याचा खोटेपणा यावरून पकडता येतो. सकाळी पहिल्याच तासाला आश्रयदात्याकडे न गेलेला आश्रित कुणाच्या तरी लक्षात आलेलाच असतो.

मृतदेह हलवायचा असेल तर गाड्यांचा नियम पाठ करा. सीझरच्या काळापासून सूर्योदयापासून दहाव्या तासापर्यंत शहरात चाकांच्या गाड्यांना बंदी. अपवाद देवळांच्या बांधकामाचे सामान वगैरे, आणि दुसरा मोलाचा: रात्री आलेली गाडी दिवसा रिकामी किंवा कचरा-शेण भरून बाहेर जाऊ शके. भर दुपारी वेशीतून जाणाऱ्या शेणाच्या गाडीकडे कोण पाहणार? बंदीमुळे मालाच्या गाड्या रात्रभर खडखडत, जुवेनाल हा कवी त्यावर वैतागला आहे. ‘रोमच्या नीरव रात्री’ असे लिहिले की जाणकार वाचक तिथेच थांबतो. रस्त्यांवर दिवे नाहीत, घरांना क्रमांक नाहीत, पत्ता देऊळ, कारंजे, दुकान यांच्या खुणेने सांगायचा. चुकीच्या दारात पोचलेला निरोप्या विश्वसनीय वाटतो तो यामुळे.

अंतरासाठी रोमन मैल १.४८ किलोमीटर धरा. चालणारा दिवसाला वीसेक मैल, सरकारी टपाल पन्नासच्या आसपास. ओस्टिया बंदर सुमारे सोळा मैल, म्हणजे सकाळी निघून संध्याकाळी पोचायचे. ग्लाउसियाचे रात्रीतले ५६ मैल का खटकले ते आता दिसेल. अशा धावेला मध्ये बदलायच्या गाड्या आधीच ठरवलेल्या लागतात, म्हणजे कटही आधीच ठरलेला.

७. पैसे, नावे, संबोधने

पैशाचा हिशेब एकदा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: १ ऑरियस म्हणजे २५ डेनारियस, १ डेनारियस म्हणजे ४ सेस्टर्स किंवा १६ अस. नीरोच्या काळात सैनिकाचा पगार वर्षाला २२५ डेनारियस. पॉम्पेईतल्या एका गुत्त्याच्या भिंतीवर दर आहेत: साधे पेय १ अस, बरे २, फालेर्नियन ही उंची वाइन ४. पुरुषांचे स्नान पाव असमध्ये. आता लाच ठरवा. द्वारपालाला २ डेनारियस मोठी रक्कम, १० दिलेत तर तोच संशयित होईल.

नावांत गंमत आहे. नागरिकाची तीन नावे, मुक्त गुलाम मालकाचे कुलनाम घेतो, मुलींना बापाच्या कुलनामाचे स्त्रीरूप. दोन सख्ख्या बहिणींची नावे एकच. मृत्युपत्रात ‘कॉर्नेलियाला’ एवढेच लिहिले तर कुठली? पण हे हत्यार एकदाच वापरा. बाकी पात्रांची नावे वेगवेगळ्या अक्षरांनी सुरू करा. सीझर, सिसेरो, नीरो ही रुळलेली रूपे तशीच ठेवा, इतर नावे एकदा ठरवलेल्या लेखनाने.

संवाद मराठीत असल्याने ‘तू-तुम्ही-आपण’ टाळता येत नाही. गुलामाच्या तोंडी ‘मालक, आपण’. आश्रिताच्या तोंडी ‘आपण’, आश्रयदात्याच्या तोंडी त्याला ‘तू’. बरोबरीचे सिनेटर ‘अरे मार्कुस’. मुलगा बापाला ‘तुम्ही’. नवरा-बायको दोघेही ‘तू’, तिथे ‘अहो’ आला की वाडा पुण्याचा होतो. ‘हुजूर’, ‘महाराज’, ‘जी सरकार’ यांना रजा द्या. शपथा वापरा, त्यांतही सुगावा आहे. ऑलस गेलियस हा रोमन लेखक सांगतो की बायका हर्क्युलिसची शपथ घेत नसत आणि पुरुष कॅस्टर या देवाची. बुरख्याआडची ‘बाई’ घाईत हर्क्युलिसच्या नावाने चरफडली तर ऐकणाऱ्याने कान टवकारावेत.

ताटातल्या चुकांबद्दल थोडक्यात: टोमॅटो, बटाटा, मिरची, मका नाही, जेवायला काटे नाहीत. साखर फक्त औषधापुरती, गोडासाठी मध. घोड्याला रिकीब नाही. मिरी आहे, भरपूर आहे, आणि ती आपल्याकडून गेलेली आहे.

८. कोकणाकडून रोमकडे

मराठी लेखकाला हा दरवाजा खुला आहे, आणि ओढूनताणून उघडावा लागत नाही. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी मार्गदर्शिकेत सोपारा, कल्याण, पैठण आणि तेर यांची नावे आहेत. भडोचपासून पैठण वीस दिवस, तिथून तेर दहा दिवस. पैठणहून गोमेद, तेरहून कापड बंदराकडे जाई. त्याच मार्गदर्शिकेत एक ओळ आहे जी वाचून रहस्यकथाकाराची झोप उडावी: कल्याणच्या बंदरावर निर्बंध आले होते आणि तिथे चुकून शिरलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात. अशा जहाजावर दोन हिशेब असतात, एक ठरल्या बंदराचा आणि एक खऱ्या बंदराचा.

पॉम्पेईत १९३८ मध्ये भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली, ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिच्यावर खरोष्ठी या प्राचीन लिपीतले अक्षर आहे, आणि तिच्या जवळची शैली भोकरदन व तेरच्या मूर्तींत दिसते. इ.स. ७९ च्या आधी ती तिथे कशी पोचली, यावर कथा रचायला तुम्ही मोकळे आहात.

वेळापत्रक पाळा. जहाजे इजिप्तहून जुलैच्या सुमारास निघत, मॉन्सूनच्या वाऱ्यावर येत आणि परतीला डिसेंबर-जानेवारीत लागत. भडोचला झालेल्या खुनाची बातमी रोमला त्याच वर्षी पोचणे अवघड. कर्ज, भागीदारी, वारसा हे सगळे त्या मधल्या काळात मेलेल्या माणसाच्या नावाने चालू राहते. खुनी त्या फरकावरच जगतो.

९. निकाल

उलगडा दिवाणखान्यात करू नका. रोममध्ये दोषी ठरवणारी जागा न्यायालय, सिनेट किंवा सम्राटाची खोली. खून आणि विषप्रयोगाच्या कायमच्या न्यायालयाची घडी सुल्लाच्या इ.स.पू. ८१ च्या कायद्याने बसवली. ज्यूरी मेणाच्या पाटीने मत देई: एका बाजूला निर्दोष, दुसऱ्या बाजूला दोषी अशी अक्षरे, एक खोडायचे. दोन्ही खोडली तर मत नाही. प्रतिष्ठित आरोपी निकालाआधी स्वेच्छेने हद्दपार होऊ शके, आणि वाचकाला न्याय झाला की पळवाट मिळाली हे ठरवता येऊ नये, असा शेवट हवा असेल तर हाच. इ.स. १०५ मध्ये कॉन्सुल (राज्यातला वरिष्ठ पदाधिकारी) अफ्रानियस डेक्स्टर मृत सापडला. स्वतःच्या हाताने, त्याच्या आज्ञेवरून, की खून, हे सिनेटला शेवटपर्यंत ठरवता आले नाही. वाद मुक्त गुलामांचे काय करायचे यावर झाला.

लिहून झाल्यावर तीन वेगळी वाचने करा, एकाच बैठकीत नव्हे. पहिल्यात फक्त तक्ता घेऊन बसा आणि प्रत्येक पात्राला प्रत्येक गोष्ट केव्हा कळली ते जुळवा. दुसऱ्यात इमारती, पदार्थ, नाणी आणि महिने तपासा. तिसऱ्यात संवाद मोठ्याने वाचा आणि ज्या वाक्यात पात्र दुसऱ्या रोमन माणसाला रोमबद्दल माहिती देते आहे, ते काढा. माहिती ज्याला ठाऊक नाही अशा पात्राला विचारू द्या. नुकताच आलेला प्रांतातला भाचा असेल तर उत्तम.

पुस्तकाच्या शेवटी दीड पानाचे टिपण जोडा: कोणती पात्रे इतिहासातली, कोणती कल्पित, आणि कुठला नियम किंवा इमारत सोयीसाठी काही वर्षे पुढे-मागे केली. शहराचा साधा नकाशा द्या, त्यावर खुनाची जागा, संशयितांची घरे आणि वेशी दाखवा. उकलीची जागा मात्र त्यावर नोंदू नका, कारण बरेच वाचक नकाशा आधी उघडतात.